हरळीला उन्हाचं भय नाही

मे महिन्यात एका गोल्फ मैदानाच्या कुंपणाजवळून जाताना स्कूटरवर मागे बसलेला मित्र ओरडला, "मेलं ना बे सारं गवत! एवढा पैसा असून पाणी टाकत नाहीत." पारा ४५ वर, माझ्या तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. उत्तर तेव्हा राहिलं, ते इथे देतो.

गवत मेलेलं नव्हतं. अशा मैदानात चेंडू शेवटी खळग्यात ढकलतात तो तुकडा म्हणजे ग्रीन. त्याला पाणी चुकवून चालत नाही. पण १८ खळग्यांचे सगळे ग्रीन मिळून हेक्टर-दीड हेक्टरच भरतात. बाकीची हिरवळ त्याच्या कितीतरी पट. १ हेक्टरवर नुसतं १ मिलिमीटर पाणी द्यायचं तर १०,००० लिटर लागतात. म्हणून शहाणा माळी ग्रीन जपतो आणि बाकीच्या गवताला उन्हाळाभर पिवळं पडू देतो.

हे परवडतं, कारण गवत हरळीचं असतं. गणपतीला वाहतो त्या दुर्वा, कपाशीतून खणून काढताना कंबर मोडते ती हरळी आणि गोल्फवाल्यांचं बर्म्युडा गवत, तिन्ही एकच. ग्रीनवर बहुधा तिचा संकर असतो, वांझ, बी न धरणारा, कांड्या लावून वाढवलेला. वरची पाती वाळली तरी जमिनीखालच्या कांड्यांचे डोळे जिवंत राहतात.

पण हरळीची खरी करामत पानात आहे. शाळेत आपण शिकलो की झाड कार्बन डायऑक्साइड घेऊन साखर बनवतं. ते काम करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, आहे रुबिस्को. ते मोठं संथ, सेकंदाला जेमतेम तीनेक रेणू हाताळणारं, आणि वर वेंधळं. हवेत ऑक्सिजन फारसा नव्हता त्या काळात ते घडलं, त्यामुळे आजही चार-पाच वेळांत एकदा ते कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच धरतं. मग ती चूक निस्तरण्यात झाडाची कमाई जाते. ऊन वाढलं की चुका वाढतात. त्यातच पाणी वाचवायला पानांनी रंध्रं मिटली की आत कार्बन डायऑक्साइड कमी पडतो आणि चुका आणखी वाढतात. गहू, भात, तूर सगळे यात सापडतात.

हरळीनं, तशीच उसानं आणि ज्वारीनं, यावर पंप बसवलाय. पानाच्या बाहेरच्या पेशींत दुसरंच विकर कार्बन डायऑक्साइड पकडतं. ते ऑक्सिजनला कधी फसत नाही. पकडलेला कार्बन चार कार्बनांच्या आम्लात बांधून शिरेभोवतीच्या पेशींत पोचवला जातो आणि तिथे सोडला जातो. रुबिस्को बसलेलं असतं त्या आतल्या खोलीत. तिथे कार्बन डायऑक्साइड सुमारे दहापट दाटतो, चुकायला वावच उरत नाही. हॅच आणि स्लॅक या दोघांनी १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात उसाच्या पानांवर हा मार्ग उलगडला. रंध्रं अर्धवट मिटूनही हरळीचं काम चालतं ते यामुळे.

पंप फुकट चालत नाही, हे मात्र लक्षात घ्या. कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे साध्या झाडाला एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे, ३ रेणू लागतात, हरळीला ५. हा जास्तीचा खर्च ती उन्हातून भागवते. ऊन नसेल तर दिवाळं. कडुलिंबाखालचं लॉन कितीही युरिया टाकला तरी विरळ होतं, ते याच हिशेबानं.

म्हणूनच नागपुरात ग्रीन सांभाळणाऱ्याला मेपेक्षा ऑगस्टची धास्ती जास्त. तीन-चार मिलिमीटरवर कापलेल्या गवताला पान ते केवढं, त्यात पंधरा-पंधरा दिवस ढग. अशा वेळी कापणीयंत्राचं पातं थोडं उंच ठेवतात. शिवाय आपली काळी माती ओली झाली की फुगते, तिच्यातली छिद्रं बुजतात. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या दहा हजारपट हळू सरकतो, मुळं गुदमरतात, मग बुरशी येते. शेतकरी याला एका शब्दात म्हणतो, वाफसा नाही. चांगला ग्रीन म्हणूनच खाली खडी आणि वर फूटभर वाळू घालून बांधतात. गवत जोमात असताना पोकळ दातांच्या यंत्रानं मातीच्या गुंडाळ्या उपसून भोकांत वाळू भरतात. हवा खेळली की बुरशीनाशक कमी लागतं. चिखलात मात्र युरिया टाकू नये, त्यातला बराच नत्र वायू होऊन उडून जातो. हिवाळ्यात रात्री थंड झाल्या की हरळी स्वतःच मंदावते. तेव्हाही खताची घाई नको.

उन्हाळ्यात घरच्या लॉनला पाणी कधी द्यायचं? जमिनीत पेचकस खुपसून पाहा. वितभर सहज गेला तर आज सुट्टी. रोज थोडं थोडं शिंपडलं की मुळं वरच रेंगाळतात.

आणि हो, पहाटे दवात अनवाणी चाललं की चष्मा उतरतो, हे अंबाझरीच्या बागेत मला दरवर्षी कुणीतरी सांगतं. चष्म्याचा नंबर डोळ्याच्या बांधणीवर ठरतो, तळपायाशी त्याचा संबंध नाही. चालायला मात्र छान वाटतं. प्लास्टिकचं गवत घ्यायची टूम निघाली आहे, त्यावर मे महिन्याच्या दुपारी चालून दाखवा! उन्हात ते ६० अंशांपलीकडे तापतं.

मित्रानं हे सगळं ऐकलं आणि अंगणातला कडुलिंब छाटायला माणूस बोलावतो म्हणाला, लॉनसाठी. मी म्हटलं, राहू दे बाबा, त्या सावलीत खाट टाक.