डब्यातलं पाणी : कुत्र्यांच्या ओल्या खाद्याची पार्श्वभूमी

कुत्र्याला डब्यातलं ओलं खाद्य द्यावं का, असा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "पाण्याचे पैसे कशाला मोजायचे?" बोलणं अगदीच चुकीचं नाही. अशा डब्यात साधारण ७५ ते ७८ टक्के पाणीच असतं. कोरड्या दाण्यांत ते दहा टक्क्यांच्या आसपास. गंमत अशी की ओल्या खाद्याचे आज जे फायदे सांगतात, त्यातले बरेचसे फिरून याच पाण्यापाशी येतात. डबा पहिल्यांदा बाजारात आला तेव्हा मात्र पाण्याचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता.

तयार खाद्याची सुरुवात झाली कोरड्यानेच. जेम्स स्प्रॅट हा अमेरिकन १८६० च्या सुमारास लंडनमध्ये होता. गोदीतली कुत्री खलाशांची दगडासारखी टणक बिस्किटं चघळताना त्याला दिसली आणि त्यावरून कल्पना सुचली, असं सांगतात. गव्हाचं पीठ, भाज्या, बीट आणि मांस घालून त्याने बिस्किटं काढली आणि ती शिकारी कुत्री पाळणाऱ्या सधन इंग्रजांना विकली.

डबा आला पहिल्या महायुद्धानंतर. मोटारी आणि ट्रॅक्टर वाढले तसे घोडे रिकामे झाले, त्यांचं मांस स्वस्त झालं. इलिनॉयमधल्या रॉकफर्डच्या चॅपेल बंधूंनी १९२२ मध्ये घोड्याचं मांस डब्यात भरून 'केन-एल रेशन' या नावाने विकायला काढलं. म्हणजे कुत्र्याच्या तब्येतीपेक्षा हा आधी शिल्लक मांसाचा धंदा होता. पण कुत्र्यांना ते आवडलं, मालकांना झंझट वाचली, आणि १९४१ पर्यंत अमेरिकेतल्या तयार श्वानखाद्याचा सुमारे ९० टक्के बाजार डब्यांनी व्यापला.

मग दुसरं महायुद्ध आलं. कथील आणि पत्रा लष्कराकडे वळला, मांसावर रेशन आलं, आणि कुत्र्यांचे डबे बंद पडले. कारखान्यांना कोरड्याकडे वळण्यावाचून इलाज उरला नाही. पुढे १९५० च्या दशकात पिठाचा लगदा वाफेच्या दाबाखाली साच्यातून ढकलून फुलवायचं तंत्र श्वानखाद्यात आलं. कुत्र्याला वास यावा म्हणून या दाण्यांवर वरून चरबी फवारतात. हलकी पिशवी, महिनोन् महिने टिकणारं खाद्य, वाटीत ओतलं की झालं. कोरड्याने बाजार जिंकला तो प्रामुख्याने या सोयीवर आणि किमतीवर. पोषणाचा वाद तेव्हा फारसा झालाच नव्हता.

ओल्या खाद्याला वैद्यकीय वजन मिळालं ते वेगळ्या वाटेने. १९३९ मध्ये मॉरिस फ्रँक या अंध गृहस्थांचं मार्गदर्शक कुत्रं, नाव बडी, मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडलं. न्यू जर्सीतले पशुवैद्य मार्क मॉरिस यांनी त्याच्यासाठी खास आहार तयार केला. पती-पत्नी मिळून घरच्या स्वयंपाकघरात तो काचेच्या बरण्यांत भरत आणि पाठवत. वाटेत बरण्या फुटायच्या, म्हणून शेवटी पत्र्याचे डबे आले. १९४८ मध्ये अमेरिकेतल्याच टोपेका शहरातल्या हिल पॅकिंग कंपनीने हे उत्पादन हाती घेतलं. आजाराप्रमाणे बदलणाऱ्या तयार खाद्याचा धंदा इथून वाढला.

आता पाण्याचा खरा हिशेब. कोरडं खाणारं निरोगी कुत्रं वरून जास्त पाणी पिऊन बरीच भरपाई करतं, त्यामुळे त्याला ओलं लागतंच असं मी म्हणणार नाही. मुळात कमी पिणाऱ्या मांजरांच्या बाबतीत हा मुद्दा जास्त भक्कम आहे. पण ज्या कुत्र्याला मुतखड्याचा त्रास आहे, त्याची लघवी पातळ राहावी म्हणून व्हेट ओलं सुचवतात ते उगीच नाही. वजनदार कुत्र्यालाही पाण्याचा उपयोग होतो. शंभर ग्रॅम ओल्या खाद्यात साधारण शंभर कॅलरी, तर तेवढ्याच कोरड्यात साडेतीनशेच्या आसपास. वाटी भरलेली दिसते, पोटही भरतं, कॅलरी मात्र कमी.

लेबल वाचताना हेच पाणी फसवतं. डब्यावर प्रथिनं ८ टक्के, पिशवीवर २४. म्हणून डबा निकस वाटतो. डब्यातलं ७८ टक्के पाणी वगळा: उरलेल्या २२ भागांतले ८, म्हणजे ३६ टक्के. पिशवीतलं दहा टक्के पाणी वगळलं तर जेमतेम २७.

ओलं म्हणजे आपोआप शुद्ध, असंही नाही. बंद डबा जास्त तापमानाला शिजवलेला असतो, त्याला टिकवायला रसायनं लागत नाहीत, हे खरं. पण २००७ मध्ये मेलामाइन या औद्योगिक रसायनाची भेसळ असलेलं गव्हाचं ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, रस्सा दाट करायला वापरलं गेलं. मेलामाइनमुळे चाचणीत प्रथिनं जास्त दिसतात. कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि एका कॅनेडियन उत्पादकाने सहा कोटींहून अधिक डबे आणि पाकिटं परत मागवली.

दात गेलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यापुढे मात्र या सगळ्या वादाला अर्थ नसतो. त्याला मऊ घास हवा असतो. फ्रिजमधून काढलेला गारढोण डबा तसाच पुढे केला तर ते एकदा हुंगतं आणि तोंड फिरवतं. तोच घास कोमट करून ठेवा. वास सुटतो, नाक हलतं, आणि मग वाटी चाटत चाटत खोलीच्या कोपऱ्यापर्यंत सरकत जाते.