रिको २ए०३

निन्टेंडोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आणलेल्या फॅमिकॉम या घरगुती व्हिडिओ गेम यंत्रातील मुख्य चिप. रिको या जपानी कंपनीने ती तयार केली. ६५०२ जातीचा प्रोसेसर आणि आवाज काढणारी सर्किटे एकाच चिपवर बसवलेली असल्याने ध्वनीसाठी वेगळी चिप लागत नसे. अमेरिकेत १९८५ साली आलेल्या एनईएस या फॅमिकॉमच्याच तिकडच्या आवृत्तीतही हीच चिप होती.

आवाजाचे चॅनेल, म्हणजे एकाच वेळी स्वतंत्रपणे वाजू शकणारे मार्ग, पाच. त्यांपैकी दोन पल्स लहरींचे. पल्स लहर दोनच पातळ्यांत वरखाली उड्या मारते आणि एका आवर्तनात ती किती वेळ वर राहते यावर आवाजाचा पोत ठरतो. त्यासाठी १२.५, २५, ५० आणि ७५ टक्के असे चार पर्याय होते. ५० टक्क्यांवर आवाज गोल आणि पोकळ येतो, १२.५ वर तोच सूर बारीक, नाकातला होतो. २५ आणि ७५ मधला फरक कानाला कळत नाही, म्हणजे खरे पोत तीनच. तिसरा चॅनेल त्रिकोणी लहरीचा, ३२ पायऱ्यांचा. त्याचा आवाज लहानमोठा करण्याची सोयच नाही. एक तर चालू, नाही तर बंद. संगीतकारांनी तो बहुतेक खर्जाला लावला आणि सूर झपकन खाली घसरवून त्यातूनच ढोलासारखे ठोकेही काढले. चौथा चॅनेल नुसत्या खरखरीचा: स्फोट, पावले, झांजा.

गाणे आणि खेळातले आवाज दोन्ही याच चॅनेलांत बसवावे लागत. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये (१९८५) मारिओने उडी मारली की तो आवाज एका पल्स चॅनेलवर वाजतो आणि तेवढ्यापुरता तिथला संगीताचा सूर गप्प बसतो. नाणे उचलले की दुसऱ्या पल्सची तीच गत. संगीतकार कोजी कोंडो यांची चाल इतकी ठसकेबाज आहे की हे गळालेले सूर खेळणाऱ्याच्या लक्षातही येत नाहीत. एकदा कोणी दाखवून दिले की मात्र दर उडीला ऐकू येतात.

पाचवा चॅनेल, डीएमसी, ध्वनिमुद्रित तुकडे वाजवतो. तुकड्यातला प्रत्येक बिट लहरीला फक्त ‘एक पायरी वर’ किंवा ‘एक पायरी खाली’ एवढेच सांगतो. एका तुकड्याची कमाल लांबी ४०८१ बाइट. सर्वांत वरच्या वेगाला तो सेकंदभरही पुरत नाही. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा अख्खा खेळ ४० किलोबाइटचा होता हे पाहता ही चैन परवडणारी नव्हती. शिवाय हा चॅनेल मेमरीतून माहिती ओढत असताना कंट्रोलरचे बटण कधी कधी चुकीचे वाचले जाई. म्हणून ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ (१९८८), ज्यात ढोलताशे याच चॅनेलवर वाजतात, सलग दोन वाचने जुळेपर्यंत कंट्रोलर पुन्हा पुन्हा तपासतो.

फॅमिकॉममध्ये ध्वनीचा संकेत कार्ट्रिजमधून (खेळ साठवलेल्या, यंत्रात खोचायच्या डबीतून) फिरून येई, त्यामुळे कार्ट्रिजमध्येच जादा ध्वनिचिप बसवता येत असे. कोनामी कंपनीच्या ‘अकुमाजो देन्सेत्सु’ या खेळातील (१९८९) व्हीआरसी६ चिपने आणखी दोन पल्स आणि एक करवती लहर दिली. एनईएसच्या कार्ट्रिजला मात्र ही वाट नव्हती. हाच खेळ तिकडे ‘कॅसलवेनिया ३’ म्हणून गेला तेव्हा संगीत पुन्हा मूळ पाच चॅनेलांत कोंबावे लागले. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकल्यास जपानी आवृत्ती सरस वाटते, यात वादाला फारशी जागा नाही.

१९९० च्या दशकात भारतातल्या घराघरांत पोचले ते मूळ यंत्र नव्हे, त्याच्या नकला. कार्ट्रिजला आपण ‘कॅसेट’ म्हणायचो, ती याच नकलांची. अशा अनेक यंत्रांत रिकोच्या जागी तैवानी बनावटीची नक्कलचिप असे आणि तिच्यात पल्सचे २५ आणि ५० टक्क्यांचे पर्याय उलटसुलट झालेले असत. चाल तीच, सूर तेच, पण जिथे आवाज धारदार हवा तिथे तो पोकळ येई आणि पोकळ हवा तिथे धारदार. तेव्हाचा कोणी आज मूळ फॅमिकॉमचे संगीत ऐकून ‘आपल्या वेळी हे असे वाजत नव्हते’ म्हणाला, तर बऱ्याचदा त्याचे बरोबरच असते.