चाळीस दिवसांची वाढ आणि मग निवड

अवघ्या पाच-सहा दिवसांच्या मानवी भ्रूणातून काढलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवत ठेवता येतात, हे १९९८ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी दाखवलं. या भ्रूणीय मूलपेशी शरीरातली जवळजवळ कुठलीही पेशी होऊ शकतात. अवघड काम त्यापुढचं आहे: काहीही होऊ शकणाऱ्या पेशीला हवं तेच व्हायला लावणं.

हाड, कूर्चा आणि चरबी ज्यांच्यापासून बनते त्या मेसेन्कायमल पेशी मोठ्या माणसाच्या अस्थिमज्जेतही सापडतात. पण फारच थोड्या, आणि वाढवत नेल्या की काही काळानं थकतात. म्हणून भ्रूणीय पेशींकडे वळायचं.

२००५ साली न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग केंद्रात तित्सियानो बार्बेरी, लोरेन्झ स्टुडर आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या ओपी९ नावाच्या पेशींचा थर अंथरला, त्यावर भ्रूणीय पेशी सोडल्या आणि ४० दिवस वाट पाहिली. तयार झाली ती सरमिसळ. मग धान्य निवडावं तशा पेशी निवडल्या. सीडी७३ हे प्रथिन ज्यांच्या पृष्ठभागावर होतं त्यांना चमकणारं प्रतिपिंड (ठराविक प्रथिनालाच जाऊन चिकटणारा रेणू) चिकटवलं. यंत्रातून एकेक पेशी लेसरसमोरून गेली आणि चमकणाऱ्या तेवढ्या वेगळ्या झाल्या. त्यांच्यापासून चरबी, कूर्चा, हाड, इतकंच काय, हालचालीचे स्नायूही तयार झाले.

मला या साऱ्यात वाढवण्यापेक्षा निवडणं मोलाचं वाटतं. न बदललेल्या भ्रूणीय पेशी चुकून मागे राहिल्या आणि शरीरात गेल्या, तर टेराटोमा नावाची गाठ होऊ शकते. अशा गाठीत केस किंवा दातसुद्धा सापडतात!

सिंगापूरमध्ये साई कियांग लिम यांच्या गटानं २००७ साली उंदराच्या पेशींचा थर वगळला. माणसाला टोचायच्या पेशी उंदराच्या पेशींत वाढलेल्या नसलेल्या बऱ्या. त्यांनी निवडताना दोन खुणा पाहिल्या: सीडी१०५ हवं, सीडी२४ नको. मूळ भ्रूणीय पेशींवर सीडी२४ असतं, म्हणून ते दिसलं की ती पेशी बाजूला.

पुढे याच पेशी ज्या द्रवात वाढल्या, तो द्रव हृदयविकाराचा झटका दिलेल्या डुकरांना टोचला गेला. हृदयाचा मेलेला भाग कमी राहिला, आणि तोही एकही पेशी न टोचता.