कॉम्पॅक्ट कॅमेरा घेताय? आधी सेन्सर विचारा

दुकानात गेलं की बहुतेक जण आधी विचारतात "किती मेगापिक्सेलचा?" आणि मग "झूम किती?". हे दोन आकडे खोक्यावर ठळक छापलेले असतात, त्यामुळे लक्ष तिकडेच जातं, पण फोटो कसा येणार हे सगळ्यात जास्त ज्यावर ठरतं तो सेन्सरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपचा, आकार मात्र खाली कुठेतरी बारीक अक्षरात असतो.

मेगापिक्सेलचं आधीच उरकून टाकू. ६ × ४ इंचाची चांगली प्रिंट काढायला २ मेगापिक्सेलहून थोडे जास्त लागतात, ए-४ ला ९ च्या आत भागतं. आज १२ च्या खालचा नवा कॅमेरा शोधूनही मिळणं अवघड, तेव्हा त्याची काळजी सोडा.

आता सेन्सर. स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये, म्हणजे लेन्स न निघणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यात, बहुतेक वेळा १/२.३ इंच म्हणतात तो असतो, म्हणजे साधारण ६.२ × ४.६ मिमी. "१ इंच" वाला प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमी, पण क्षेत्रफळ ह्या छोट्याच्या चौपट. त्याच्या वर एपीएस-सी, साधारण २३.५ × १५.६ मिमी, म्हणजे सगळ्यात छोट्याच्या तेरापट. हे महत्त्वाचं का, तर प्रकाश फोटॉनच्या, म्हणजे बारीक कणांच्या, रूपात येतो आणि फोटॉन काही मोजून सारखे येत नाहीत, ते कमीजास्त होत राहतात आणि हा फरक साधारण त्यांच्या संख्येच्या वर्गमूळाइतका असतो. एका पिक्सेलवर (सेन्सरवरच्या प्रकाश टिपणाऱ्या एका कप्प्यावर) सरासरी १०० फोटॉन पडले तर १० इकडेतिकडे, म्हणजे १० टक्के, आणि १०,००० पडले तर फक्त १०० इकडेतिकडे, म्हणजे १ टक्का. रात्री लग्नाच्या हॉलमध्ये काढलेल्या फोटोत जो रवाळपणा दिसतो त्यात मोठा वाटा ह्याचाच. सॉफ्टवेअर तो पुसतं खरं, पण सोबत पैठणीची बारीक वीणही पुसून टाकतं. जास्त फोटॉन गोळा करायचे तर सेन्सर मोठा हवा, लेन्सचं तोंड मोठं हवं, नाहीतर शटर जास्त वेळ उघडं हवं, आणि नाचणाऱ्या वरातीत तिसरा उपाय चालत नाही.

म्हणूनच स्पष्ट सांगते, घरगुती फोटोंसाठी छोट्या सेन्सरचा स्वस्त कॉम्पॅक्ट घेऊ नका. चांगल्या फोनच्या मेन कॅमेऱ्याचा सेन्सर आता त्याच्यापेक्षा मोठा असतो, शिवाय फोन पटापट अनेक फ्रेम घेऊन एकत्र करतो. २०१० मध्ये जगभरात १० कोटींहून जास्त कॉम्पॅक्ट विकायला बाहेर पडले होते, तो बाजार फोननेच खाल्ला, आणि आता जे चांगले उरलेत ते महाग आहेत.

झूमबद्दल विचारायचंच असेल तर टोकाचा, म्हणजे पूर्ण झूमवरचा, एफ-नंबर विचारा; हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं आणि प्रकाश जास्त. सोनीचा २०१२ चा पहिला आरएक्स१०० आणि कॅननचा २०१६ चा जी७एक्स मार्क २ घ्या, दोन्हीत १ इंची सेन्सर, दोन्ही २० मेगापिक्सेल, दोन्हीचा झूम १०० मिमीपर्यंत (३५ मिमी फिल्मच्या हिशेबात, आकडा जितका मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं), आणि दोघांची सुरुवात एफ/१.८ वरच. पण पूर्ण झूम केला की सोनी एफ/४.९ वर जातो आणि कॅनन एफ/२.८ वर, म्हणजे कॅननमध्ये तिप्पट प्रकाश येतो. शाळेच्या गॅदरिंगला स्टेजवरच्या मुलीचा फोटो मागच्या रांगेतून काढायचा असेल तर हा फरक लगेच दिसतो. ३० पट झूमवाले खिशातले कॅमेरे टोकाला एफ/६.४ च्या आसपास असतात, तिथे लेन्सच्या लहान तोंडातून जाताना प्रकाश पसरतो, ह्याला विवर्तन म्हणतात, आणि एका बिंदूचा ठिपका साडेआठ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) रुंद होतो. पिक्सेल असतो सव्वा मायक्रॉनच्या आत. म्हणजे एक बिंदू सात पिक्सेलच्या रुंदीवर सांडणार, मग २० मेगापिक्सेल असून काय उपयोग? तरी भर उन्हात झाडावरचा धनेश टिपायला असा कॅमेरा फोनपेक्षा कितीतरी बरा, हेही तितकंच खरं.

छोटा सेन्सर मला मनापासून पटतो तो एकाच ठिकाणी, ऑलिंपसच्या टीजी-६ मध्ये (आता ओएम सिस्टमचा टीजी-७). १५ मीटर पाण्याखाली चालतो, त्यामुळे सह्याद्रीतल्या पावसात बिनधास्त गळ्यात लटकवा, आणि मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासून १ सेंटीमीटरवर फोकस होतो. कासच्या पठारावरची सीतेची आसवं ही इवली फुलं किंवा दवबिंदू ह्या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानावरचे चिकट थेंब ह्याच्यात जे दिसतात ते बघण्यासारखं असतं. छोट्या सेन्सरमुळे फोकसची खोली जास्त मिळते, म्हणजे पुढचं-मागचं जास्त भाग स्पष्ट येतो, ती इथे कामाला येते.

झूम अजिबात नको, चालता चालता रस्त्यावरचे फोटो हवेत, तर रिकोचा जीआर ३, एपीएस-सी सेन्सर आणि त्याच फिल्मच्या हिशेबात २८ मिमीची एकच लेन्स, खिशात मावतो पण स्वस्त नाही. फुजीचा एक्स१००व्हीआय तर लाखाच्या बराच पुढे.

बजेट कमी असेल तर माझं मत, जुना १ इंची घ्या. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात वापरलेले कॅमेरे बघता येतात. जाताना टॉर्च न्या, कॅमेरा चालू करून लेन्समध्ये तिरका उजेड टाका, आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तंतूंचं काही दिसलं तर ती बुरशी, आपल्याकडच्या दमट हवेत, खासकरून कोकणात, ती हमखास धरते, असा कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्या. मग झूम दोनचार वेळा आतबाहेर करा, वाळूची करकर ऐकू येते का बघा. नंतर एफ/८ किंवा एफ/११ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढून स्क्रीनवर मोठा करा, राखाडी ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, आणि कॉम्पॅक्टची लेन्स निघत नसल्यामुळे ती साफ करायची तर अख्खा कॅमेरा उघडावा लागतो. शेवटी बॅटरीचा मॉडेल नंबर बघून ती अजून नवी मिळते का ते पैसे द्यायच्या आधी फोनवर शोधा.