आयर्विन पुलावरचा पत्रकार गप्प का उभा राहतो?

कृष्णेचं पाणी चढलं की सांगलीच्या आयर्विन पुलावरून थेट प्रक्षेपण सुरू होतं. निवेदक प्रश्न विचारतो, पत्रकार दोन-तीन सेकंद नुसता उभा, आणि घराघरांत शेरा पडतो: ‘याला काही माहीतच नाही.’ हा समज जुना आहे आणि तो त्या माणसावर अन्याय करतो.

बहुतेक वेळा त्याने उत्तर सुरू केलेलं असतं. आपल्याला दिसतं ते दोन सेकंदांपूर्वीचं चित्र. चित्र पाठवणारं यंत्र पाठीवरच्या बॅगेत असतं आणि त्यात अनेक सिमकार्डं असतात. चित्राचे तुकडे वेगवेगळ्या नेटवर्कवरून जातात आणि स्टुडिओत पुन्हा जुळतात. मागे राहिलेल्या तुकड्यासाठी थांबावं लागतं, म्हणून मुद्दाम विलंब ठेवतात. पुलावर गर्दी झाली, सगळेच व्हिडिओ पाठवू लागले की टॉवरवर ताण येतो. तेव्हा विलंब वाढवावाच लागतो, नाहीतर चित्र फुटतं. ओबी व्हॅन, म्हणजे उपग्रहामार्फत प्रक्षेपण करणारी गाडी, असली तरी सिग्नल सुमारे ३६,००० किलोमीटर वरच्या उपग्रहापर्यंत जाऊन खाली येतो. त्यात पाव सेकंद जातोच.

खरी पंचाईत कानातल्या आवाजाची. स्टुडिओतून येणाऱ्या आवाजातून पत्रकाराचा स्वतःचा आवाज वगळायचा असतो. ते राहून गेलं तर त्याचंच वाक्य दोन सेकंदांनी त्याच्या कानात आदळतं आणि जीभ अडखळते. मुरलेला पत्रकार अशा वेळी इअरफोन काढून सरळ बोलत राहतो: इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, आत्ताची पातळी आणि ती किती वाजताची.