#एन/ए वर शून्याचं पांघरूण घालू नका

एक्सेलच्या शीटमध्ये #एन/ए (शोधलेलं सापडलं नाही) किंवा #डिव्ह/०! (शून्याने भागलं) उमटलं की शीट बिघडली असा समज होतो, आणि त्यावरचा उताराही ठरलेला असतो: फॉर्म्युल्याभोवती इफएरर गुंडाळायचं आणि एररच्या जागी शून्य दाखवायचं. झटपट एक्सेल शिकवणारे व्हिडिओ हेच सांगतात. एआयकडून फॉर्म्युला लिहून घेतला, तर तोही पुष्कळदा इफएररसकटच हातात येतो. शीट स्वच्छ दिसते, प्रिंट नीट येते. पण आतलं उत्तर चुकलेलं असू शकतं, आणि ते चुकलंय हे सांगणारी एकमेव खूण आपणच पुसून टाकलेली असते.

(फंक्शनची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. शीटमध्ये ती अर्थातच इंग्रजीत टाइप करायची.)

एका वर्गाचं निकालपत्रक घ्या. ए कॉलममध्ये हजेरी क्रमांक आहेत आणि गुण ‘गुण’ नावाच्या दुसऱ्या शीटवर. यादीत क्रमांक शोधून त्याच्यापुढची माहिती आणणारं व्हीलुकअप वापरलं, फॉर्म्युला असा: =व्हीलुकअप(ए५, गुण!ए:बी, २, फॉल्स). पाच मुलांपैकी चौघांचे ७२, ६४, ८० आणि ६८ गुण बरोबर आले, चौदा क्रमांकापुढे मात्र #एन/ए आलं, आणि खालच्या सरासरीच्या सेलमध्येही तेच. आता इफएररने शून्य लावलं की सरासरी ५६.८ येते. शून्याऐवजी रिकामे अवतरण म्हणजे "" लावलं, तर सरासरीचं फंक्शन तो सेल सोडून देतं आणि ७१ येतात. प्रत्यक्षात त्या मुलाला ८१ गुण आहेत आणि खरी सरासरी ७३ आहे. एकाच माहितीतून तीन उत्तरं निघाली, त्यातली दोन चुकीची आणि दोन्ही दिसायला एकदम व्यवस्थित. पहिल्या प्रकारात तर ८१ गुणांचा मुलगा कागदोपत्री नापास झाला.

मग #एन/ए आलं कशामुळे? बहुतेक वेळा क्रमांक दिसतो सारखाच, पण तो एका शीटवर आकडा असतो आणि दुसऱ्या शीटवर टेक्स्ट. टेक्स्ट असलेला १४ सेलमध्ये डावीकडे सरकून बसतो, आकडा उजवीकडे; शिवाय कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण दिसतो. तो कॉलम निवडून डेटा टॅबवरच्या ‘टेक्स्ट टू कॉलम्स’मध्ये जाऊन थेट फिनिश दाबलं, की टेक्स्टचे आकडे होतात. दुसरं कारण जास्त छुपं आहे. वेबसाइटवरून कॉपी केलेल्या माहितीत शेवटी एक जागा चिकटून येते, पण कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो, आणि ती स्पेसबारने पडणारी ३२ क्रमांकाची जागा नसते, १६० क्रमांकाची असते. ट्रिम फंक्शन फक्त ३२ वाली काढतं, म्हणून ट्रिम लावूनही एरर जात नाही आणि माणूस हैराण होतो. =लेन(ए५) चं उत्तर २ ऐवजी ३ आलं, की =कोड(राइट(ए५,१)) करून पाहा. १६० आले तर चोर सापडला. =व्हॅल्यू(सबस्टिट्यूट(ए५, कॅर(१६०), "")) हा त्यावरचा इलाज. सबस्टिट्यूटचं उत्तर टेक्स्टच राहतं, म्हणून बाहेरून व्हॅल्यू हवंच.

आता मुख्य गोष्ट. एरर म्हणजे प्रोग्रॅम कोलमडल्याची खूण नाही. सेलमध्ये चार प्रकारचा ऐवज बसू शकतो: आकडा, टेक्स्ट, ट्रू/फॉल्स आणि एरर. म्हणजे एरर हे एक रीतसर मूल्य आहे, मुद्दाम घडवलेलं. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिसीकॅल्क ही पर्सनल कॉम्प्युटरवरची पहिली स्प्रेडशीट आणली, तिच्यातही ‘एरर’ आणि ‘एनए’ ही मूल्यं होती. या मूल्याचा एकच धर्म आहे: जो फॉर्म्युला त्याला शिवेल त्याचं उत्तरही एररच. ए२ मध्ये एरर असेल तर ए२*१.१८ एरर, त्यावरची बेरीज एरर, बेरजेवरची टक्केवारी एरर. दोन वेगवेगळे एरर एका बेरजेत भेटले, तर डावीकडचा पुढे जातो. माहिती जिथे तुटली तिथून खाली, तिच्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक आकड्यापर्यंत ही खूण पोचते, आणि जे आकडे त्या माहितीवर अवलंबून नाहीत ते शाबूत राहतात. हजार सेलच्या शीटमध्ये नेमके कुठले आकडे विश्वासार्ह नाहीत, हे याहून कमी खर्चात सांगणारी युक्ती मला माहीत नाही.

हीच कल्पना कॉम्प्युटरच्या अगदी तळाशीही आहे. दशांश आकडे साठवण्याचं आयईईई ७५४ हे मानक १९८५ मध्ये ठरलं. त्यातल्या नेहमीच्या वापरातल्या प्रकारात एका आकड्याला ६४ बिट (म्हणजे ० किंवा १ च्या जागा) मिळतात: एक चिन्हाचा, अकरा घातांकाचे, बावन्न अपूर्णांकाचे. घातांकाचे अकराही बिट १ असतील आणि अपूर्णांकाचे सगळे ०, तर ते मूल्य अनंत. अपूर्णांकात एक जरी १ असेल तर ते ‘नॅन’, म्हणजे आकडाच नसलेलं मूल्य. या मानकाप्रमाणे १ भागिले ० म्हणजे अनंत आणि ० भागिले ० म्हणजे नॅन. नॅनचीही लागण पुढे जाते, आणि नॅन स्वतःशीसुद्धा समान नसतो. एक्सेल आकडे याच ६४ बिटांत साठवतं, पण अनंत आणि नॅन सेलमध्ये येऊ देत नाही. दोन्ही भागाकारांना ते #डिव्ह/०! म्हणतं, आणि गुणाकार १०च्या ३०८व्या घाताच्या आसपासची मर्यादा ओलांडून गेला की #नम! देतं. नॅनच्या स्वभावाची छटा मात्र इथेही उरली आहे. एररची तुलना केली तर उत्तर ट्रू किंवा फॉल्स येत नाही, एररच येतो. म्हणून =इफ(ए२="#एन/ए", …) कधीच चालत नाही; तिथे =इफ(इझएनए(ए२), …) लागतं.

शून्याने भागायचा प्रश्न कॉम्प्युटरच्या आधीचा आहे. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असं लिहिलं. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटलं. तिच्यात काही मिळवलं वा वजा केलं तरी ती बदलत नाही, हे त्यांचं निरीक्षण आहे. ‘कॉम्प्युटरला जमत नाही ते पूर्वजांनी सोडवलं होतं’ अशा आशयाचे मजकूर फिरत असतात, ते दोघांवरही अन्याय करतात. ब्रह्मगुप्ताचं उत्तर आजच्या गणितात टिकत नाही, आणि भास्कराचार्यांची समज मोठी होती हे मानायला खोट्या दाव्याची गरज नाही.

एररच्या आतल्या क्रमांकांत एक सुंदर गोष्ट दडली आहे. एक्सेलच्या जुन्या .एक्सएलएस फाइलमध्ये एररचं नाव साठवत नाहीत, क्रमांक साठवतात: #नल! ०, #डिव्ह/०! ७, #व्हॅल्यू! १५, #रेफ! २३, #नेम? २९, #नम! ३६ आणि #एन/ए ४२. आकडे वरवर कसेही टाकल्यासारखे वाटतात. आता इंग्रजीतली चिन्हं मोजा. #नल! ला # आणि ! धरून ६ चिन्हं लागतात, नाव संपल्याची खूण म्हणून एक बाइट, एकूण ७. म्हणजे ही नावं एकापुढे एक लिहिली तर #डिव्ह/०! सातव्या जागी सुरू होतं. त्याची ७ चिन्हं आणि १ खूण मिळून ८, म्हणून पुढचं १५ वर. मग ८ मिळवून २३, ६ मिळवून २९, ७ मिळवून ३६, ६ मिळवून ४२. सगळे बिनचूक बसतात, तेव्हा हा योगायोग नसावा: क्रमांक म्हणजे नावांच्या ओळीतला पत्ता. मॅक्रो (एक्सेलमधले छोटे प्रोग्रॅम) लिहिणाऱ्यांना भेटणारे २००७, २०४२ हे एरर क्रमांक म्हणजे याच पत्त्यांत २००० मिळवलेले.

एरर थोपवायचा असेल तर तो होण्याआधी थोपवावा. =इफ(बी२=०, "", ए२/बी२) यात बी२ शून्य असेल तर भागाकार केलाच जात नाही, कारण इफ फक्त लागणारी बाजू सोडवतं. अँडचं तसं नाही. =अँड(बी२<>०, ए२/बी२>१) लिहिलं तर पहिली अट खोटी ठरूनही दुसरी सोडवली जाते आणि #डिव्ह/०! येतंच. तिथे एका इफच्या आत दुसरं इफ घालावं लागतं.

इफएरर एक्सेल २००७ मध्ये आलं, इफएनए २०१३ मध्ये. फरक मोठा आहे. ‘यादीत सापडलं नाही’ एवढंच अपेक्षित असेल तर इफएनए वापरा आणि शून्याऐवजी "यादीत नाही" असं लिहा. इफएरर सगळंच गिळतं. फंक्शनच्या नावात एक अक्षर चुकलं तर खरं म्हणजे #नेम? यायला हवं, कुणी गुणांचा कॉलम उडवला तर #रेफ!; इफएररखाली या दोन्हींचं शून्य होतं.

आणि खरी भीती न येणाऱ्या एररचीच आहे. व्हीलुकअपमधलं शेवटचं फॉल्स गाळलं, तर फंक्शन जवळपासच्या नोंदीवर समाधान मानतं आणि शेजारच्याचे गुण आणून ठेवतं. रकमेच्या सेलमध्ये ‘५००/-’ टाइप केलं तर ते टेक्स्ट होतं. =बी२+बी३ अशी बेरीज केली तर #व्हॅल्यू! ओरडून सांगतं, सम मात्र ते पाचशे गुपचूप वगळतं. तारखांचंही तसंच. अमेरिकी सेटिंग असलेल्या कॉम्प्युटरवर १३/०५/२०२४ टेक्स्ट राहते आणि वजाबाकीत #व्हॅल्यू! येतं, पण त्याच कॉलममधली ०५/०४/२०२४ निमूटपणे ४ मे होते. तिथे #व्हॅल्यू! दिसणाऱ्या रो दुरुस्त करून थांबलात, तर जास्त बिघडलेल्या रो तशाच राहतात.

कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या २०१० च्या कर्ज आणि विकासदरावरच्या गाजलेल्या निबंधात सरासरीचा फॉर्म्युला ३० ते ४९ ऐवजी ३० ते ४४ एवढ्याच ओळींवर लावला गेला होता. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश गळले. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ शीट तपासली तेव्हा ते उघड झालं. निष्कर्षावरचे आक्षेप तेवढ्यापुरते नव्हते, भारांकनाचाही वाद होता. पण तीन वर्षं शीटवर एकही एरर नव्हता. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून निसटले, कारण जुन्या .एक्सएलएस फाइलला ६५,५३६ च्या पुढे ओळी नसतात. ‘कॉम्प्युटरने काढलंय म्हणजे बरोबरच’ ही श्रद्धा अशा ठिकाणी फार महाग पडते.

एरर असतानाही बेरीज हवीच असेल, तर =अ‍ॅग्रिगेट(९, ६, सी२:सी५००) आहे; ९ म्हणजे बेरीज, ६ म्हणजे एरर वगळून. पण तिच्या शेजारी =समप्रॉडक्ट(--इझएरर(सी२:सी५००)) ठेवा, म्हणजे किती सेल वगळले ते वाचणाऱ्याला कळेल. रेषालेखात माहिती नसलेल्या महिन्यासाठी फॉर्म्युल्यातून मुद्दाम एनए() द्यावं: एक्सेल तिथे बिंदू काढत नाही, "" दिलं तर रेषा शून्यावर आपटते.

शीटभर एरर पसरले असतील तर सगळे दुरुस्त करत बसू नका. एफ५ दाबून स्पेशलमध्ये जा, फॉर्म्युलाज निवडून त्याखाली फक्त एरर्सवर खूण ठेवा. सगळे एरर एकदम निवडले जातात. मग त्यातल्या एकावर उभं राहून फॉर्म्युलाज टॅबवर एरर चेकिंगच्या शेजारच्या बाणातून ‘ट्रेस एरर’ घ्या. लाल बाण उलट्या दिशेने मूळ सेलकडे नेतात. दुरुस्ती त्या एका सेलमध्ये करायची. खालचे शंभर एरर आपोआप जातात. आणि ##### दिसत असेल तर त्यातलं काहीच करू नका: कॉलम अरुंद आहे किंवा तारीख उणे आली आहे. कॉलमच्या कडेवर डबल-क्लिक करा, तरीही गेलं नाही तर तारखांची वजाबाकी पाहा.