सही कुणाची? संयुक्त वनव्यवस्थापन आणि सामूहिक वनहक्क यांतला फरक

गडचिरोली, चंद्रपूर किंवा मेळघाटातल्या जंगलालगतच्या एखाद्या गावात विचारा, "तुमच्याकडे जंगलाची समिती आहे का?" उत्तर बहुधा "आहे" असंच येतं. खरा घोटाळा पुढच्या प्रश्नाला होतो: कुठली? एका गावात दोन समित्या असू शकतात, दोन्हींत तीच चार माणसं असू शकतात आणि दोघी राखतात तेही एकच जंगल. त्यातून शहरातल्या बातम्यांत दोन्हींचं वर्णन "गावकऱ्यांच्या सहभागातून वनसंवर्धन" असं एकाच साच्यातलं. प्रत्यक्षात एक, संयुक्त वनव्यवस्थापन, आहे वनखात्याची योजना आणि दुसरा, सामूहिक वनहक्क, आहे संसदेने मान्य केलेला हक्क. योजना ज्याने आणली तो ती मोडूही शकतो. हक्काचं तसं नसतं.

संयुक्त वनव्यवस्थापनाचं मूळ पश्चिम बंगालमधल्या आराबारीत आहे. मिदनापूर जिल्ह्यातल्या तुटलेल्या सालवनाची राखण १९७०च्या दशकात गावकऱ्यांवर सोपवून पाहिली, आणि जंगल पुन्हा उभं राहिलं. १९८८च्या राष्ट्रीय वननीतीने महसुलाआधी पर्यावरण आणि जंगलालगतच्या लोकांच्या गरजा ठेवल्या. १ जून १९९० रोजी केंद्राने राज्यांना परिपत्रक पाठवलं आणि १६ मार्च १९९२ला महाराष्ट्राचा शासन निर्णय निघाला. गावाने समिती करायची, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, वणवा विझवायला धावायचं. बदल्यात मजुरीची कामं, गौण वनोपज (मोह, तेंदूपत्ता असा लाकडाशिवायचा जंगलमाल) आणि पुढे उत्पन्नातला ठरलेला वाटा. पुढे २००६-०७पासून संत तुकाराम वनग्राम योजनेतून चांगल्या समित्यांना बक्षिसंही मिळू लागली.

यात वाईट काही नाही. कित्येक उजाड टेकड्या या समित्यांमुळे हिरव्या झाल्या, हे मान्यच करायला हवं. पण रचना नीट पाहा. समितीचा सदस्य सचिव वनखात्याचा कर्मचारी. राखायचं क्षेत्र कुठलं, तर खात्याच्या नकाशातला कक्ष क्रमांक अमुक. सुरुवातीला तर फक्त विरळ, खराब झालेलं जंगलच या योजनेत येई, चांगलं उभं जंगल खात्याकडेच राही. म्हणजे मालक ठरलेला, गावकरी हा राखणीतला भागीदार, आणि भागीदारीच्या अटी एकाच बाजूने लिहिलेल्या.

वनहक्क कायदा आला तो वेगळ्याच वाटेने, भांडणातून. इंग्रजांनी जंगलं राखीव केली तेव्हा त्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं कागदावर दिसलीच नाहीत. १९२७चा वन कायदा स्वातंत्र्यानंतरही तसाच चालू राहिला आणि आपल्याच शेतात माणूस "अतिक्रमणदार" ठरला. ३ मे २००२च्या केंद्राच्या पत्राने तर अशी सगळी अतिक्रमणं सप्टेंबरअखेर काढायला सांगितलं. ठिकठिकाणी घरं-पिकं मोडली गेली, देशभर आंदोलनं झाली, आणि डिसेंबर २००६मध्ये संसदेने "अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम" मंजूर केला. अंमल ३१ डिसेंबर २००७पासून.

या कायद्याची प्रस्तावना जरूर वाचावी. वसाहतकाळात आणि स्वतंत्र भारतातही या लोकांचे पूर्वापार हक्क पुरेसे मान्य झाले नाहीत, त्यातून त्यांच्यावर "ऐतिहासिक अन्याय" झाला, असं तिथे सरळ लिहिलं आहे. २००८ साली ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाच्या पंतप्रधानांनी आपापल्या संसदेत उभं राहून मूळ रहिवाशांची माफी मागितली, त्याची जगभर चर्चा झाली. आपल्याकडे तशी माफी कुणी मागितली नाही. पण चुकीची कबुली कायद्यात छापून ठेवली, आणि माझ्या मते ती भाषणापेक्षा उपयोगी आहे, कारण तिच्यावर बोट ठेवून दावा करता येतो. कायद्याच्या नावातला "मान्यता" हा शब्दही उगाच नाही. हक्क आधीपासून होता, सरकार तो फक्त मान्य करतं आहे. म्हणूनच मंडप घालून केलेल्या "पट्टेवाटप" कार्यक्रमांच्या बातम्या वाचताना मला तो "वाटप" खटकतो.

संयुक्त वनव्यवस्थापनाच्या कागदांत अशी कबुली सापडत नाही, कारण त्याची गरजच नव्हती. जंगल आमचं, तुम्ही मदत करा, एवढंच त्याचं म्हणणं.

फरकाची चाचणी घ्यायची तर मेंढा (लेखा) इथे जावं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं हे गोंडांचं छोटं गाव. गावचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामामुळे आणि "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" या घोषणेमुळे महाराष्ट्राला ते ठाऊक आहे. मेंढ्याने दोन्ही व्यवस्था अनुभवल्या. नव्वदच्या दशकात गाव संयुक्त वनव्यवस्थापनात आलं, तेही मागे लागून, कारण त्यांचं जंगल चांगलं होतं आणि योजना खराब जंगलाची. मग २००९ साली जवळपास १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मान्य झाला. असा हक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक.

तरी बांबू विकायची वेळ आली तेव्हा गाडी अडली. वनहक्क कायद्यात बांबू हे गौण वनोपज आहे, म्हणजे ग्रामसभेचं. १९२७च्या कायद्याच्या लेखी मात्र तेव्हा (२०१७च्या दुरुस्तीपर्यंत) बांबू म्हणजे झाड होतं, म्हणजे खात्याचं. बांबू जंगलाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो, ज्याला सगळे टीपी म्हणतात, आणि टीपीचं पुस्तक तेव्हा खात्याच्या हातात होतं. हक्क गावाचा, पण माल नाक्यापलीकडे न्यायचा तर सही दुसऱ्याची, असा हा पेच दोन वर्षं चालला. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. ६ सप्टेंबर २०१२च्या सुधारित नियमांत तर हे लिहूनच टाकलं: गौण वनोपजाचा परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देईल. त्यानंतर चंद्रपूरच्या पाचगावसारख्या गावांनी बांबू स्वतः तोडून, स्वतः विकून दाखवला. विदर्भातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलावही आपण होऊन करू लागल्या.

जंगलाची हद्द कशी ठरते, यातही हाच फरक उतरतो. योजनेत कक्ष क्रमांक. हक्कात गावाची परंपरागत सीमा, मग ती राखीव वनात असो वा अभयारण्यात. आणि पुरावा म्हणून जनगणना, गॅझेटियर यांच्या जोडीला देवाची जागा, स्मशान, जुन्या माणसांचे जबाबही चालतात. ज्या व्यवस्थेत लिहिलेल्या कागदालाच किंमत होती, तिने म्हाताऱ्याच्या आठवणीला पुरावा मानणं ही लहान गोष्ट नाही.

एक गैरसमज मात्र दुसऱ्या बाजूचा. सामूहिक वनहक्क म्हणजे मालकीचा सातबारा नव्हे. जंगल जंगलच राहतं, विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही. उलट त्याची राखण करण्याची जबाबदारी ग्रामसभेवर येते.

आता यातली अधिक बारीक गल्लत, जिच्यात जाणकारही फसतात. "सामूहिक" या शब्दाच्या पोटातच दोन हक्क आहेत. एक निस्ताराचा: सरपण, चराई, मासे, मोह, चारोळी यांचा वापर. दुसरा कलम ३(१)(आय)चा: गाव परंपरेने राखत आलेल्या जंगलाचं रक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन. पहिल्यात घ्यायचा हक्क मिळतो, दुसऱ्यात ठरवायचा. मध्य प्रांताच्या जुन्या मुलखात जमीनदाऱ्या गेल्यावर निस्तारपत्रकं (गावाला जंगलातून काय घेता येईल याच्या नोंदी) झाली, त्यामुळे निस्तार हा शब्द लोकांच्या तोंडात बसलेला आहे, आणि म्हणून पहिला हक्क मिळाला की सगळं मिळालं असं वाटतं. व्यवस्थापन मात्र तेव्हाही खात्याकडेच राहिलेलं असतं. २००८च्या नियमांत दोन्हींसाठी स्वतंत्र दाव्याचा नमुनाही नव्हता. २०१२च्या दुरुस्तीने सामूहिक वनसंपत्तीच्या, म्हणजे या दुसऱ्या हक्काच्या, दाव्यासाठी नमुना "सी" आणला, तेव्हा कुठे हा गुंता थोडा सुटला.

त्यात २०१४ साली राज्याने १९२७च्याच कायद्याखाली ग्रामवनांचे (गावाकडे सोपवायच्या जंगलांचे) नियम काढले आणि तिसरी समिती उभी राहायची वेळ आली. वनहक्क कायद्याला यातून बगल दिली जाईल, असा आक्षेप केंद्राच्या आदिवासी मंत्रालयानेच घेतला होता. नाव ग्रामवन, पण पाया जुनाच.

वनखात्याच्या बाजूचं एक म्हणणं मला पटतं: योजनेमागे पैसा असतो, हक्कामागे बहुतेकदा नसतो. समितीला रोपवाटिका, जाळरेषा (वणवा अडवणारे मोकळे पट्टे), मजुरी यांसाठी खात्याकडून निधी येई. हक्क मिळालेल्या ग्रामसभेला आराखडा स्वतः करायचा आणि निधीसाठी रोजगार हमीपासून आदिवासी विकास विभागापर्यंत दारं ठोठवायची. त्यामुळे काही गावं हक्काचा कागद पेटीत ठेवून जुन्या समितीच्याच कामावर जातात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. हाजरी भरल्याशिवाय चूल पेटत नाही.

तुमच्या गावाकडे कागद असेल तर तो काढून तीन गोष्टी पाहा. वर "शासन निर्णय" किंवा "करारनामा" आहे की वनहक्क कायद्याचं नाव. कायद्याचं नाव असेल तर कलम ३(१)(आय) लिहिलं आहे का, की नुसती निस्ताराची यादी. आणि समितीचा सचिव ग्रामसभेने निवडला, की तो बदली होऊन आला आणि बदली होऊन जाणार आहे.